अंतराळ संशोधनावर सरकारी पैसा खर्च करावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंतराळ संशोधनावर सरकारे नेमका किती खर्च करतात?

बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी. जगातील सर्वांत मोठी नागरी अंतराळ संस्था असलेल्या अमेरिकेच्या नासाला सध्या वर्षाला सुमारे २५ अब्ज डॉलर मिळतात. आकडा मोठा दिसतो. पण अमेरिकेच्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्याचा वाटा अर्ध्या टक्क्यालाही पोहोचत नाही. चंद्रावर माणूस उतरवण्याची घाई चालू असताना, १९६६ साली, हा वाटा ४.४ टक्क्यांच्या आसपास होता आणि त्यानंतर तो कधीही तिथपर्यंत गेला नाही. भारताच्या अंतराळ विभागाची २०२४-२५ मधील तरतूद सुमारे १३,००० कोटी रुपये होती. त्या वर्षीचा केंद्राचा एकूण खर्च ४८ लाख कोटींच्या घरात धरला होता, म्हणजे वाटा पाव टक्क्याहून किंचित जास्त.

हे आकडे माहीत असावेत, पण त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नये. रक्कम लहान आहे म्हणून ती योग्य ठिकाणी खर्च होते असे सिद्ध होत नाही. प्रत्येक खात्याने ‘आमचा वाटा तर नगण्य आहे’ एवढेच उत्तर दिले, तर कोणत्याही खर्चाची तपासणी करण्याचे कारणच उरणार नाही.

तोच पैसा गरिबी, आरोग्य किंवा शिक्षण यांच्याकडे वळवला तर अधिक भले होणार नाही का?

हा या विषयातील सर्वांत प्रामाणिक प्रश्न आहे आणि त्याला दोन वाक्यांत वाटेला लावणे योग्य नाही.

प्रश्नात एक गृहीतक दडलेले असते. एका शीर्षाखाली वाचलेला पैसा आपोआप आपल्याला हव्या त्या शीर्षाखाली जाऊन पडतो, असे ते गृहीतक आहे. प्रत्यक्षात अर्थसंकल्प तसा चालत नाही. अमेरिकेत टेक्सास राज्यात भुयारात बांधला जात असलेला ‘सुपरकंडक्टिंग सुपर कोलायडर’ हा महाकाय कणत्वरक (सूक्ष्म कण प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळवणारे यंत्र) १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये संसदेने रद्द केला. तोपर्यंत सुमारे दोन अब्ज डॉलर खर्च झाले होते. हा प्रकल्प गेला की उरलेला निधी विज्ञानाच्या इतर शाखांना मिळेल, अशी आशा अनेक शास्त्रज्ञांनी बाळगली होती; काहींनी तर याच कारणासाठी प्रकल्पाला विरोध केला होता. तो निधी त्यांच्याकडे वळला नाही. तूट कमी करण्याच्या वातावरणात तो सरकारी ताळेबंदात विरून गेला. विज्ञानातून विज्ञानाकडेसुद्धा पैसा सरकला नाही, तर अंतराळातून तो रुग्णालयांकडे सरकेल, हे कोणी तरी तसा निर्णय घेतल्याशिवाय मानण्यास आधार नाही.

तथापि या युक्तिवादालाही मर्यादा आहे. पैसा आपोआप सरकत नाही, याचा अर्थ तो सरकवता येत नाही असा होत नाही. शिवाय खर्च केवळ पैशाचाच होत नसतो. उत्तम अभियंते, प्रयोगशाळा, मंत्रिमंडळाचे लक्ष आणि प्रसिद्धीमाध्यमांतील जागा याही मर्यादित गोष्टी आहेत. जिथे कुशल मनुष्यबळ मुळातच अपुरे आहे, तिथे एका क्षेत्राने शंभर चांगले अभियंते उचलले तर दुसऱ्या क्षेत्राला त्यांची उणीव भासणारच. आक्षेप घेणाऱ्यांनी पैशापेक्षा या मुद्द्यावर अधिक भर दिला असता, तर त्यांची बाजू अधिक भक्कम झाली असती, असे मला वाटते.

हा आक्षेप अलीकडचा आहे का?

नाही. १५ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, नागरी हक्क चळवळीतील नेते राल्फ ॲबरनथी काही शे लोकांसह फ्लोरिडातील केनेडी अंतराळ केंद्राच्या फाटकापाशी गेले. सोबत गरीब कुटुंबे होती आणि खेचरांच्या गाड्या होत्या. पलीकडे प्रक्षेपणतळावर शंभर मीटरहून उंच रॉकेट उभे होते. भुरभुर पावसात नासाचे प्रमुख टॉमस पेन त्यांना भेटायला उघड्या मैदानात आले. देशात लोक उपाशी असताना हा खर्च कशासाठी, असे ॲबरनथींनी विचारले. उड्डाणाची कळ न दाबल्याने गरिबी दूर होणार असेल तर आम्ही ती दाबणार नाही, असे पेन यांनी सांगितले. माणसांच्या या प्रश्नांच्या तुलनेत चंद्रावर जाणे हा पोरखेळ आहे, अशी कबुलीही त्यांनी दिली. त्यांनी काही कुटुंबांना उड्डाण पाहण्यासाठी आत प्रवेश दिला आणि ॲबरनथींनी अंतराळवीरांच्या सुखरूप परतीसाठी प्रार्थना केली.

या भेटीची गोष्ट बहुधा सौहार्दाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. मला मात्र पेन यांच्या उत्तरातली पळवाट अधिक जाणवते. कळ दाबायची की नाही, हा प्रश्न त्या दिवशी कोणाच्याच हातात नव्हता. पैसा आठ वर्षांपूर्वीपासून खर्च होत आला होता. आक्षेपाची खरी वेळ कार्यक्रम मंजूर होतानाची असते आणि नेमक्या त्याच वेळी सामान्य माणूस त्या फाटकाच्या आसपासही नसतो.

गरीब देशाने या खर्चाच्या वाटेला जावे का?

जावे, पण कशासाठी, हे आधी ठरवून जावे. भारतीय अंतराळ कार्यक्रमाचे प्रवर्तक विक्रम साराभाई यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर आजही वाचण्याजोगे आहे. विकसनशील देशाला अंतराळाचा काय उपयोग, असे विचारणाऱ्यांना त्यांनी सांगितले होते की आमच्या हेतूत कोणतीही संदिग्धता नाही. चंद्र, ग्रह किंवा मानवी उड्डाणे यांत श्रीमंत देशांशी स्पर्धा करण्याचे स्वप्न आम्ही पाहत नाही. मात्र माणसाच्या आणि समाजाच्या खऱ्या प्रश्नांसाठी प्रगत तंत्रज्ञान वापरण्यात आम्ही कोणाच्या मागे राहता कामा नये, असे त्यांचे म्हणणे होते. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा उपग्रह वर्षभरासाठी वापरायला घेऊन सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षणविषयक दूरचित्रवाणी कार्यक्रम पोहोचवण्यात आले, ते याच विचारातून. उद्देश आधी ठरला, यंत्र नंतर आले.

याच विधानाचा पूर्वार्ध मात्र आज सोयीस्करपणे गाळला जातो. चंद्र आणि मंगळ मोहिमांच्या समर्थनार्थ साराभाईंचे नाव घेणाऱ्यांनी त्यांची भूमिका बदलली पाहिजे असे खुशाल म्हणावे. परिस्थिती बदलते आणि धोरणही बदलू शकते. पण त्यांनी जे नाकारले होते, त्यालाच त्यांचा पाठिंबा होता असे भासवू नये.

चक्रीवादळांचे उदाहरणही असेच नीट पाहावे लागते. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये ओडिशावर आदळलेल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर आलेल्या फायलिन वादळाच्या वेळी दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवण्यात आले आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. या फरकाचे श्रेय पुष्कळदा एकट्या उपग्रहांना दिले जाते. ते अर्धवट आहे, कारण १९९९ मध्येही उपग्रह होते आणि वादळ येत असल्याची सूचनाही होती. मधल्या चौदा वर्षांत किनाऱ्यालगत पक्के निवारे उभे राहिले, अंदाज अधिक नेमके झाले, गावपातळीपर्यंत इशारा नेणारी यंत्रणा तयार झाली आणि लोक त्या इशाऱ्यावर विश्वास ठेवू लागले. उपग्रहाने वादळ कुठे आहे ते दाखवले. घरोघरी जाऊन माणसांना बाहेर काढण्याचे काम जमिनीवरच्या यंत्रणेने केले. यांपैकी एकावर खर्च करून दुसऱ्याला वाऱ्यावर सोडले, तर दोन्ही वाया जाते.

दळणवळणाचे उपग्रह आणि ग्रहांचे संशोधन यांचा हिशेब एकत्र मांडणे योग्य आहे का?

योग्य नाही, पण दोन्ही बाजू तो एकत्रच मांडतात. हवामान, दळणवळण आणि भूनिरीक्षण यांचे उपग्रह ही एक प्रकारची सार्वजनिक सेवा आहे आणि त्यांची उपयुक्तता रुपया-पैशांत मोजता येते. शनीच्या चंद्रांचा अभ्यास किंवा दूरच्या दीर्घिकांचे निरीक्षण हे मूलभूत विज्ञान आहे. त्याची तुलना व्हायची तर कणभौतिकी किंवा गणिताच्या अनुदानाशी व्हायला हवी. माणूस अंतराळात पाठवणे हा तिसराच प्रकार, ज्यात विज्ञान, राजकारण आणि प्रतिष्ठा यांची सरमिसळ असते. जीपीएस तर मुळात अमेरिकी संरक्षण खात्याचा लष्करी प्रकल्प. मंगळावरच्या यानाचे समर्थन जीपीएसच्या उपयुक्ततेने करणे म्हणजे एकाच्या गुणपत्रिकेवर दुसऱ्याला पास करण्यासारखे आहे.

अंतराळ संशोधनातून रोजच्या वापरातील अनेक वस्तू मिळाल्या, हे खरे ना?

काही मिळाल्या, पण ज्यांची नावे सर्वाधिक घेतली जातात त्या नव्हेत. टेफ्लॉनचा शोध १९३८ मध्ये एका रसायन कंपनीत लागला, म्हणजे नासाच्या स्थापनेपूर्वी वीस वर्षे. वेल्क्रोची कल्पना स्वित्झर्लंडमधील एका अभियंत्याला १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बियांवरून सुचली. नासाने या वस्तू वापरल्या आणि प्रसिद्ध केल्या, इतकेच. याउलट मोबाइलच्या कॅमेऱ्यातील प्रतिमासंवेदकाचा आजचा प्रकार १९९० च्या दशकात नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत विकसित झाला. तसेच अपोलो यानांच्या संगणकासाठी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एकात्मिक परिपथांची (चिपची) इतकी मोठी मागणी नोंदवली गेली की त्या बाल्यावस्थेतील उद्योगाला स्थिर ग्राहक मिळाला.

तरीही हा युक्तिवाद मला दुबळा वाटतो. चांगले प्रतिमासंवेदक हवे असतील तर त्यांच्या संशोधनाला थेट पैसे देणे स्वस्त पडेल. त्यासाठी गुरूपर्यंत जाण्याचे कारण नाही. अनुषंगिक फायदे हे मुख्य काम पटत असल्यास वरकड म्हणून मोजावेत. मुख्य कामच पटत नसेल, तर त्यांच्या यादीने ते पटू लागत नाही.

पृथ्वीच्या प्रश्नांसाठी पृथ्वीवरचे संशोधन पुरेसे नाही का?

कधी असते, कधी नसते. अंटार्क्टिकावरील ओझोनच्या थराला पडलेले खिंडार १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जगासमोर आणले, ते जमिनीवर बसवलेल्या जुन्या पद्धतीच्या उपकरणाने वर्षानुवर्षे चिकाटीने घेतलेल्या नोंदींवरून. त्याच काळात वरून फिरणाऱ्या निंबस ७ उपग्रहाकडेही ही घट नोंदली जात होती, पण ते आकडे शंकास्पद म्हणून बाजूला काढले गेले होते. नोंदी पुन्हा तपासल्यावर उपग्रहानेच दाखवले की हे खिंडार एका ठाण्यापुरते नसून खंडाएवढे आहे. दोनच वर्षांनी, १९८७ मध्ये, ओझोन नष्ट करणाऱ्या रसायनांना आळा घालणारा माँट्रियल करार झाला. जमिनीवरच्या स्वस्त उपकरणाशिवाय शोध लागला नसता आणि उपग्रहाच्या नकाशाशिवाय त्याची व्याप्ती इतक्या लवकर कळली नसती. त्यामुळे ‘उपग्रह की वेधशाळा’ अशी निवड करायला लावणाऱ्या अर्थसंकल्पाकडे संशयाने पाहावे.

हे काम आता खासगी कंपन्यांवर का सोपवू नये?

जिथे ग्राहक आहे तिथे सोपवावेच. मात्र खासगी यशामागे सरकारी पैसा किती होता, हे विसरू नये. नासाने २००६ मध्ये अंतराळ स्थानकापर्यंत सामान नेणारी याने विकसित करण्यासाठी कंपन्यांना निधी देण्यास सुरुवात केली आणि डिसेंबर २००८ मध्ये स्पेसएक्सला बारा फेऱ्यांसाठी १.६ अब्ज डॉलरचे कंत्राट दिले. त्या वेळी या कंपनीचे एक लहान रॉकेट नुकतेच, तीन अपयशांनंतर, कक्षेत पोहोचले होते. सरकार पहिला मोठा ग्राहक झाले नसते, तर पुढची कहाणी वेगळी असती. या व्यवस्थेत ठरलेल्या कामाची ठरलेली किंमत मिळत असल्याने खर्च वाढला तर तो बहुतांशी कंपनीच्या अंगावर पडतो, हा करदात्यांचा मोठा फायदा आहे.

पण युरेनसकडे यान पाठवण्यासाठी पैसे मोजणारा ग्राहक बाजारात नाही आणि पुढेही असण्याची शक्यता दिसत नाही. ज्या ज्ञानाची मालकी कोणालाच मिळत नाही, त्यासाठी पैसा सार्वजनिकच असावा लागतो.

यंत्रे पाठवता येत असताना माणसे पाठवण्याची गरज आहे का?

या प्रश्नावर मी साशंक गटात आहे. अमेरिकेच्या अंतराळ शटलबद्दल, म्हणजे माणसे नेणाऱ्या आणि पुन्हा वापरता येणाऱ्या यानाबद्दल, आखणीच्या काळात वर्षाला पन्नासेक फेऱ्यांची भाषा होत होती. प्रत्यक्षात एका वर्षातील सर्वाधिक फेऱ्या नऊ झाल्या, तीस वर्षांत एकूण १३५. दोन यानांच्या अपघातांत चौदा अंतराळवीर गेले आणि सगळा खर्च विभागला तर प्रत्येक फेरीला सुमारे दीड अब्ज डॉलर पडले. चंद्रावर परतण्याच्या आर्टेमिस कार्यक्रमातील पहिल्या चार उड्डाणांपैकी प्रत्येकाला ४.१ अब्ज डॉलर लागतील, असा अंदाज नासाच्याच महानिरीक्षकांनी २०२२ मध्ये दिला. मंगळावर २०२१ पासून फिरणाऱ्या पर्सिव्हिअरन्स गाडीची संपूर्ण मोहीम सुमारे २.७ अब्ज डॉलरची आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सहा अपोलो मोहिमांतील माणसांनी चंद्रावरून ३८२ किलो दगड-माती निवडून आणली. त्या काळात सोव्हिएत संघाच्या तीन यांत्रिक मोहिमांना मिळून अर्धा किलोही आणता आला नाही. हबल दुर्बिणीच्या सदोष प्रकाशिकीवरचा उपाय १९९३ मध्ये अंतराळवीरांनीच हातांनी बसवला. पण चीनच्या चांग-ए ५ या मानवरहित यानाने २०२० मध्ये १.७ किलो नमुने आणले, म्हणजे यंत्रे सुधारत आहेत आणि माणसाला जिवंत ठेवण्याचा खर्च मात्र फारसा उतरलेला नाही. मानवी उड्डाणांचे समर्थन करायचे असेल तर ते साहस आणि राष्ट्रीय आकांक्षा म्हणून उघडपणे करावे. विज्ञानाच्या नावाखाली करू नये.

राष्ट्राची प्रतिष्ठा हे कारण पुरेसे आहे का?

कारण खरे आहे, पण ते टिकाऊ नाही. २१ नोव्हेंबर १९६२ रोजी अध्यक्ष केनेडी यांनी नासाचे तेव्हाचे प्रमुख जेम्स वेब यांना सांगितले की आपल्याला अंतराळात तितकासा रस नाही. रशियनांना मागे टाकणे महत्त्वाचे आहे. या बैठकीचे ध्वनिमुद्रण २००१ मध्ये खुले झाले. शर्यत जिंकताच पैसा आटला आणि १९७२ नंतर पन्नास वर्षांत चंद्रावर कोणी पाऊल ठेवले नाही. सोव्हिएत संघाने शटलला उत्तर म्हणून बांधलेले बुरान यान १९८८ मध्ये एकदाच, तेही मानवरहित उडाले.

या मोहिमांचा खर्च नेहमी अंदाजाबाहेर का जातो?

नेहमी जात नाही, पण मोठ्या मोहिमांचा जातो. नासाच्या जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीचा खर्च इतका वाढला की २०११ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने ती रद्द करण्याचाच प्रस्ताव मांडला. मग ८.८ अब्ज डॉलर आणि २०१८ ची मुदत अशी नवी आखणी झाली. प्रत्यक्ष उड्डाण २५ डिसेंबर २०२१ रोजी आणि खर्च दहा अब्जांच्या घरात. मधल्या चुकांत काही अगदी साध्या होत्या. झडपा धुण्यासाठी चुकीचे द्रावण वापरले गेले आणि त्या खराब झाल्या. चाचणीत कंपने दिल्यावर उष्णतारोधक पडद्याच्या आवरणाचे स्क्रू निखळून पडले. उड्डाणानंतर दुरुस्तीला जाणे शक्य नसल्यामुळे प्रत्येक भाग पुन्हा तपासावा लागला आणि हजारो लोकांचे पगार चालू असताना गेलेला प्रत्येक महिना खर्चात भरत गेला.

मूळ दोष मात्र कारखान्याबाहेरचा आहे. मंजुरी मिळावी म्हणून सुरुवातीचा अंदाज मुद्दाम किंवा आशेपोटी कमी सांगितला जातो आणि एकदा निम्मा खर्च झाला की प्रकल्प थांबवणे राजकीयदृष्ट्या अवघड होते. रचना परिपक्व होण्यापूर्वी पूर्ण रकमेची मंजुरी न देणे, हा यावरचा साधा उपाय आहे.

लघुग्रहापासून संरक्षण हा खर्च आवश्यक मानावा का?

होय आणि तो सर्वांत कमी वादाचा असावा. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे वीस मीटर व्यासाचा दगड हवेत फुटला. मुख्यतः काचा फुटून सुमारे दीड हजार लोक जखमी झाले. त्याची आगाऊ सूचना कोणाकडेही नव्हती. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाच्या डार्ट यानाने एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या डायमॉर्फस या लहान खगोलाला धडक दिली आणि त्याचा सुमारे बारा तासांचा प्रदक्षिणाकाळ अर्ध्या तासाहून थोडा अधिक कमी केला. मोहिमेचा खर्च ३३ कोटी डॉलरच्या आसपास होता. धोका विरळ असला तरी कोणतीही विमा कंपनी किंवा एकटे शहर तो पेलू शकत नाही.

आत्ता कार्यक्रम थांबवून परिस्थिती सुधारल्यावर पुन्हा सुरू करता येईल ना?

येईल, पण थांबवल्याची किंमतही मोजावी लागते. ब्रिटनने ब्लॅक ॲरो हा प्रक्षेपक १९७१ मध्ये रद्द केला आणि त्यानंतर त्याच वर्षी त्याने प्रॉस्पेरो उपग्रह यशस्वीपणे कक्षेत सोडला. स्वतः मिळवलेली प्रक्षेपणक्षमता सोडून देणारा तो एकमेव देश मानला जातो. अमेरिकेने २०११ मध्ये शटल बंद केल्यावर २०२० पर्यंत तिचे अंतराळवीर रशियाच्या सोयुझ यानांतून जात राहिले आणि शेवटी एका जागेला जवळपास नऊ कोटी डॉलर द्यावे लागले. अर्थात ब्रिटनचे याने काही मोठे नुकसान झाले असेही दिसत नाही. त्याने उपग्रह बांधण्यात नाव कमावले. प्रत्येक देशाला सर्वच गोष्टी स्वतः करता आल्या पाहिजेत, हा आग्रह तपासून पाहण्यासारखा आहे.

नागरिकांना यात कधी विचारले जाते का?

क्वचितच. अपोलोच्या काळात अमेरिकेतील मतचाचण्यांत बहुतेक वेळा हा खर्च सार्थ मानणारे निम्म्याहून कमी होते. अपवाद चंद्रावर उतरण्याच्या सुमाराचा. युरोपीय अंतराळ संस्थेची पद्धत मला अधिक विचारपूर्वक वाटते. तिथे विज्ञान कार्यक्रमाला सर्व सदस्य देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात वर्गणी देणे बंधनकारक आहे, तर मानवी उड्डाणांसारखे कार्यक्रम ऐच्छिक आहेत. ज्या देशाला हवे त्याने पैसे घालावेत. याच संस्थेत वर्गणीच्या प्रमाणात त्या त्या देशातील उद्योगांना कंत्राटे देण्याचा नियमही आहे. त्यामुळे काम नेहमीच सर्वांत स्वस्त ठिकाणी जात नाही.

अर्थसंकल्पात सामान्य नागरिकाने नेमके काय तपासावे?

एकूण रकमेपेक्षा तिची विभागणी पाहावी. भूनिरीक्षण, विज्ञान आणि मानवी उड्डाणे यांना स्वतंत्रपणे किती मिळाले, नव्या मोहिमेची घोषणा करताना चालू मोहिमांच्या संचालनाचा निधी कापला गेला का आणि लेखापरीक्षकांनी मागील वर्षी उपस्थित केलेल्या मुद्द्यांना उत्तर मिळाले का, हे तीन प्रश्न बहुतेक वेळा पुरतात. त्याखेरीज सार्वजनिक पैशातून मिळालेली माहिती सर्वांना खुली आहे का, हेही विचारावे. लँडसॅट उपग्रहांची मालिका १९७२ पासून पृथ्वीची छायाचित्रे घेत आहे. ती अनेक वर्षे विकत घ्यावी लागत आणि त्यामुळे संशोधक मोजकीच मागवत. २००८ मध्ये ती मोफत केल्यावर त्यांचा वापर कित्येक पटींनी वाढला आणि त्यासाठी एकही नवा उपग्रह सोडावा लागला नव्हता.